दोष शोधणे आणि दोष देणे

दोष शोधणे आणि दोष देणे ही दोन कामे आपण रोजच्या व्यवहारात इतक्या सहजपणे एकमेकांत मिसळून टाकतो, की ती दोन आहेत याचाच आपल्याला विसर पडतो. वास्तविक त्यांचे कूळही एक नाही. शोधणाऱ्याला ठाऊक नसते म्हणून तो शोधतो. देणाऱ्याला ठाऊक असण्याची गरजच भासत नाही. शोधायला वेळ लागतो, द्यायला क्षण पुरतो. शोधताना चार वेळा हात रिकामा परत येतो, देताना मात्र हात कधीच रिकामा जात नाही. कुणी ना कुणी घेणारा सापडतोच. आणि बहुधा तो घरातला, कचेरीतला किंवा गावातला सर्वांत दुबळा मनुष्य असतो.

दिवाळीच्या तोंडावर हा भेद पाहायचा असेल, तर फार लांब जायला नको. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहावे. तुपात सोडलेला अनारसा ‘हसला’, म्हणजे जाळी धरण्याऐवजी कढईभर विरून गेला, की घरात दोन प्रकारचे आवाज उठतात. एक विचारतो, ‘पीठ कुणी मळले होते?’ दुसरा विचारतो, ‘गूळ किती पडला होता?’ दोन्ही प्रश्नच. पण पहिल्याचे उत्तर माणूस आहे आणि दुसऱ्याचे उत्तर प्रमाण आहे. पहिल्या प्रश्नाने नवी सून रडवेली होते आणि पुढचा अनारसाही हसतोच. दुसऱ्या प्रश्नाने पिठात मूठभर तांदळाची पिठी पडते आणि पुढचा घाणा साधतो. जुन्या जाणत्या आजीबाई सगळे पीठ थापायच्या आधी एकच अनारसा तुपात सोडून पाहत. त्या एका अनारशाला बोल लावायचा नसतो, त्याच्याकडून शिकायचे असते, एवढे तत्त्वज्ञान त्यांना कुणी न सांगताच समजले होते.

हा विषय माझ्या मनात घोळू लागला तो मात्र अनारशावरून नव्हे. गेल्या वर्षी दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत पाहिलेल्या एका संगणकावरून. मी मुलांना मराठी शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. यंत्रांचे ज्ञान म्हणाल तर भिवंडीने फुकट दिले तेवढेच. पण भिवंडीत राहून यंत्राच्या बाबतीत अगदीच कोरे राहणेही कठीण. या गावाची झोप यंत्रमागांच्या खडखडाटात लागते आणि वीज गेली की त्या शांततेने मोडते. येथे मागाचा वैद्य म्हणजे जॉबर. चांगला जॉबर मागाला हात लावण्यापूर्वी थोडा वेळ नुसता उभा राहून ऐकतो. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, अशी त्याची रचना असते. परका मनुष्य म्हणतो, माग बिघडला. जॉबर म्हणतो, माग शहाणा आहे म्हणून थांबला. नाहीतर वीतभर कापड बाण्यावाचून गेले असते. थांबणे हा बिघाड नसून बिघाडाची वर्दी आहे, हे भिवंडीतल्या पोरालाही कळते.

माझा एक जुना विद्यार्थी एका कापडवाल्याच्या कचेरीत काम करतो. कापडावरची नक्षी संगणकावर रेखायची, आणि ते कापड अंगावर कसे दिसेल याची चित्रे तयार करून गिऱ्हाइकांना पाठवायची, हे त्याचे काम. वय एकोणीस-वीस. घरी आई आणि धाकटी बहीण. दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी त्याचा संगणक आजारी पडला. सकाळी नीट सुरू होई. चित्राचे जड काम लावले की पंधरा-वीस मिनिटांत मंदावे, रखडे आणि शेवटी एकाएकी बंद पडे. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, पुन्हा तीच तऱ्हा.

इथे वाचकांना त्या संगणकाच्या पोटातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यावरच घडले. संगणकाचा मेंदू म्हणजे त्याचा प्रोसेसर. त्यातला खरोखर काम करणारा तुकडा नखाएवढा, फार तर टपालाच्या तिकिटाएवढा. तेवढ्याशा जागेतून जड कामाच्या वेळी दीडशे-दोनशे वॅटची उष्णता बाहेर पडते. घरातल्या जुन्या शंभर वॅटच्या बल्बला हात लावून पोळलेल्या मनुष्याला याची कल्पना येईल. ही उष्णता तिथून हलवली नाही तर तुकडा जळून जाईल. म्हणून बहुतेक संगणकांत त्यावर धातूचे पाते आणि पंखा बसवतात; जिथे काम फार जड, तिथे पाणी खेळवतात. तांब्याची एक पोकळ चकती प्रोसेसरवर घट्ट बसवलेली असते. छोटा पंप तिच्यातून पाणी फिरवतो. तापलेले पाणी एका नळीने रेडिएटरकडे जाते, तिथे पंखे त्याची उष्णता हवेत सोडतात, आणि निवालेले पाणी दुसऱ्या नळीने परत चकतीकडे येते. मोटारीच्या इंजिनाला असते तशीच ही व्यवस्था. फक्त लहान आणि कायमची बंद केलेली. पाण्यात गोठू नये, गंजू नये, शेवाळ धरू नये म्हणून काही द्रव्ये मिसळलेली असतात. पाणीच का, तर तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साडेतीन हजार पटींच्या आसपास उष्णता वाहून नेऊ शकते. मोठमोठ्या महासंगणकांतही हीच युक्ती आहे. १९८५ साली अमेरिकेत निघालेल्या क्रे-२ या महासंगणकाची सारी मंडले वीज वाहून न नेणाऱ्या एका द्रवात बुडवून ठेवलेली असत. आपल्या पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेत २०१९ साली उभा राहिलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही पाण्यानेच थंड ठेवलेला आहे. नाव ब्रह्माचे असले तरी उष्णतेच्या मायेतून त्याचीही सुटका नाही!

एक गोष्ट मला या व्यवस्थेत फार अर्थपूर्ण वाटते. हे पाणी उष्णतेचा नाश करीत नाही; नाश करताच येत नाही. जिथे ती घात करील तिथून उचलून जिथे ती कुणाचे वाईट करणार नाही अशा जागी नेऊन सोडायची, एवढेच त्याचे काम. आपल्या घराघरांत हे काम बहुधा एखादी आई, एखादी आत्या करीत असते. वडिलांचा संताप मुलाच्या अंगावर कोसळण्याआधी ती मध्ये उभी राहते, त्यातला निम्मा आपल्या अंगावर घेते आणि संध्याकाळपर्यंत तो कुठेतरी विरवून टाकते.

त्या कचेरीत असे मध्ये उभे राहणारे कुणी नव्हते. संगणक दोनदा बंद पडताच मालकांनी निदान करून टाकले: पोरगा रात्री थांबून खेळ खेळतो, त्यानेच यंत्र जाळले. मालक दुष्ट मनुष्य नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. अडीअडचणीला उचल देणारे, कामगारांच्या घरी लग्नकार्याला आवर्जून जाणारे गृहस्थ. पण ऐन सणाचा मोसम, गिऱ्हाइकांचे फोन, चित्रे अडकलेली. डोके तापले आणि ताप बाहेर पडायला जी वाट सर्वांत उताराची होती तिने बाहेर पडला. दहा माणसांसमक्ष त्या मुलाला ‘यंत्र जाळणारा’ ठरवले गेले आणि दुरुस्तीचा खर्च भागेपर्यंत त्याचा दिवाळीचा बोनस रोखण्यात आला. शिक्षा आधी सुनावली गेली, मग दुरुस्ती सुरू झाली. एका दुकानातून कारागीर आला. त्याने संगणकातले सगळे पुसून नव्याने भरले, वीज पुरवणारा भाग बदलला, पैसे घेतले आणि गेला. संगणक आपला होता तसाच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात त्याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. इथे आगही खरी होती आणि बंबही!

मुलगा माझ्याकडे आला तो रडत नव्हता, तेच मला अधिक बोचले. तो एवढेच म्हणाला, ‘सर, मी खेळत नव्हतो. पण खेळत नव्हतो हे दाखवू कसे?’ न केलेल्या गोष्टीचा पुरावा मागणे ही दोष देणाऱ्याची नेहमीची रीत. मी त्याला माझ्या ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याचे वडील मागाचे जॉबर होते. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत आला, आणि पुढचे दोन तास मी जे पाहिले त्याला मी नीतीचा धडा म्हणतो.

त्याने पेटी उघडलीच नाही. खुर्ची ओढून बसला आणि विचारले, ‘हे कधीपासून? आणि त्याच्या आधी काय काय बदलले?’ इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. ‘कुणी केले’ यावर सर्वांचे एकमत होते. ‘कधीपासून’ यावर कुणाचे मतच नव्हते. मुलाने सांगितले, दसऱ्यापासून. दसऱ्याच्या पूजेला यंत्र शोभिवंत दिसावे म्हणून मालकांनी नवी पेटी आणली होती, काचेची, आत रंगीत दिवे लागणारी. जुन्या पेटीतले सगळे भाग तिच्यात बसवून घेतले होते. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. निष्कर्ष मात्र काढला नाही.

मग त्याने संगणक सुरू करून उष्णतेचा आकडा पडद्यावर आणला. काम लावताच आकडा चढत चढत शंभर अंशांच्या आसपास पोचला, आणि यंत्र मंदावले. ‘बघा, जळलेले नाही,’ तो म्हणाला, ‘जळू नये म्हणून हळू चालते आहे.’ बापाचेच वाक्य तो निराळ्या यंत्राविषयी बोलत होता.

भिवंडीत कोणतेही यंत्र तापले की पहिला संशय सुताच्या लवेवर जातो. हवेत तरंगणारी ही बारीक लव पंख्यांत, जाळ्यांत, माणसाच्या छातीतही जाऊन बसते. रेडिएटरच्या पात्यांत ती होतीच. त्याने ती ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ केली, आणि पुन्हा काम लावले. आकडा तेवढाच चढला. ‘लव नव्हे,’ तो मोठ्याने म्हणाला. नंतर त्याने तांब्याची चकती उचलली. तिच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो. तो वाळला की सांधा कच्चा होतो. त्याने जुना लेप पुसला, नवा दिला, चकती पुन्हा घट्ट बसवली. पुन्हा काम, पुन्हा तोच आकडा. ‘लेप नव्हे.’ मी विचारले, दोन्ही गोष्टी एकदमच का केल्या नाहीत, वेळ वाचला असता. तो म्हणाला, ‘आणि फरक पडला असता तर कशाने पडला हे कसे कळले असते?’ एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जे नव्हे ते नव्हे असे स्वच्छ म्हणायचे. किती साधा नियम! माणसांच्या बाबतीत आपण एकाच दमात दहा गोष्टी बोलतो आणि त्यांपैकी एकही कधी मागे घेत नाही.

त्यानंतर त्याने दोन्ही नळ्यांना बोटे लावली आणि मलाही लावायला सांगितली. एक नळी कढत होती, दुसरी गारच. रेडिएटरही गार. ‘पाणी नीट फिरत असते तर दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच लागल्या असत्या,’ तो म्हणाला. ‘उष्णता चकतीपाशीच अडली आहे. रेडिएटरपर्यंत पोचतच नाही.’ पंप बंद असावा म्हणावे, तर पडद्यावर पंपाचे फेरे नेहमीपेक्षा किंचित जास्तच दिसत होते. त्याने पेटीला कान लावला. आत हुक्क्यासारखी बारीक गुडगुड होती. तेव्हा कुठे तो हसला.

पंपात हवेचा बुडबुडा अडकला होता. पंप पाण्याऐवजी हवेत फिरत होता, म्हणूनच भरभर फिरत होता. रिकाम्या गाडीचा खडखडाट जास्त, तशातली ती गत. हा बुडबुडा आला कुठून? अशा बंद व्यवस्थेतले पाणीसुद्धा नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षे अगदी किंचित किंचित उडून जाते. चार वर्षांत थोडे पाणी कमी झाले होते आणि तेवढी पोकळी आत तयार झाली होती. जुन्या पेटीत रेडिएटर वरच्या बाजूला होता. पोकळी रेडिएटरच्या माथ्याशी जाऊन बसे आणि कुणाचे काही बिघडत नसे. नव्या पेटीचा माथा काचेचा, दिसायला देखणा. तिथे रेडिएटर बसवायला जागाच नाही. म्हणून पेटी बसवणाऱ्याने तो तळाशी बसवला. हवा नेहमी वर जाते. आता सर्वांत उंच जागा पंपाची झाली, आणि पोकळी तिथे येऊन बसली.

इलाज तासाभराचा. रेडिएटर तळातून काढून पेटीच्या पुढच्या अंगाला असा उभा केला, की त्याचा माथा पंपाच्या वर राहील. मग पेटी हातांत धरून पाळण्यातल्या मुलासारखी सावकाश इकडे तिकडे कलवली. गुडगुड वाढली, सरकली आणि थांबली. काम लावले, आकडा सत्तरच्या थोडा वर चढून तिथेच स्थिरावला. अर्धा तास वाट पाहून तो उठला. ‘पाणी कमी झाले आहे ते आहेच. बंद वस्तू आहे, वरून भरता येत नाही. किती दिवस चालेल ते मी सांगणार नाही. पुन्हा गुडगुड ऐकू आली तर बदला. आज बदलायची गरज नाही.’ नवी व्यवस्था गळ्यात मारून त्याला चार पैसे सहज सुटले असते. पण जे दिसले तेवढेच बोलायचे आणि जे दिसत नाही ते ‘सांगणार नाही’ म्हणायचे, ही त्याच्या धंद्याची नीती होती. मी अनेक विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. इतका प्रामाणिक समारोप क्वचित ऐकला.

आता त्या दिवशीचा हिशेब मांडून पाहा. पाणी चार वर्षे उडत होते. त्यात कुणाचाच हात नव्हता. पेटी काचेची हवी ही मालकांची हौस. तळाशी रेडिएटर बसवणाऱ्याला धोका ठाऊक असलाच, तर त्याचे गप्प राहणे हा त्याचा वाटा. यांपैकी एकेक कारण एकटे असते तर बहुधा काही घडलेच नसते. तिन्ही एकत्र आली आणि यंत्र अडले. आणि बोनस कुणाचा अडला? ज्याचा या तिहींशी काडीचा संबंध नव्हता त्याचा.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. जो यांतला एकच कर्ता तेवढा पाहतो त्याला नीट दिसत नाही, असेही तिथे म्हटले आहे. कथेकीर्तनांतून हा विचार आपण शेकडो वेळा ऐकतो आणि अहंकार सोडावा एवढाच त्याचा बोध घेतो: मी केले असे म्हणू नये. पण त्याची दुसरी बाजू व्यवहारात अधिक गरजेची नाही का? ‘मी केले’ म्हणणे जसे अज्ञानाचे, तसेच ‘त्यानेच केले’ म्हणणेही. पहिल्या अहंकारापासून आम्ही देवासमोर हात जोडून थोडेफार दूर राहतो. दुसऱ्याला मात्र आम्ही न्याय असे गोंडस नाव देतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. प्रत्येक गोष्टीला पाचपाच कारणे शोधत बसलो, तर जबाबदार कुणालाच धरता येणार नाही. चोर म्हणेल, गरिबीने चोरी करवली. कंत्राटदार म्हणेल, पूल पावसाने पाडला. हे खरे आहे. जाणूनबुजून केलेला अपराध म्हणजे हवेचा बुडबुडा नव्हे, आणि ज्याने समजून-उमजून केले त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण ते समजून-उमजून केले, हे तरी शोधल्यावाचून कसे कळणार? शोध हा दंडाचा शत्रू नव्हे. तो दंडाला योग्य घराचा पत्ता देतो.

उलट माझा अनुभव असा, की जिथे शोध खरा होतो तिथेच जबाबदारी ठरते, आणि ती बहुधा वरच्या मजल्यावर ठरते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत मोडून पडले आणि आतली सातही माणसे गेली. चौकशी आयोगावर रिचर्ड फाइनमन हा भौतिकशास्त्रज्ञ होता. भर सुनावणीत त्याने अग्निबाणाच्या सांध्यातल्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला आणि दाखवून दिले, की थंडीत हे रबर आपली लवचीकता गमावते. उड्डाणाची सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. शोध रबराच्या कड्यापाशी थांबला असता तर दोष रबराला देऊन सगळे घरी गेले असते. तो थांबला नाही. ते रबर बनवणाऱ्यांच्या, बसवणाऱ्यांच्या पलीकडे जाऊन तो आदल्या रात्रीच्या बैठकीपर्यंत पोचला, जिथे काही अभियंत्यांनी उड्डाण करू नका म्हणून सांगितले होते आणि वरिष्ठांनी ते मानले नव्हते. शोधाचा स्वभाव हा असा: तो पायरी पायरीने वर चढतो. दोष देण्याचा स्वभाव पाण्यासारखा. तो सखल जागा पाहून खाली धावतो. वड्याचे तेल वांग्यावर निघते, पण वांग्याचे तेल वड्यावर निघाल्याचे कधी कुणी ऐकले आहे काय?

म्हणूनच कदाचित आपल्याला शोध नकोसा वाटतो. शोध घ्यायला बसलो तर तो कुठे जाऊन पोचेल याचा नेम नाही. कदाचित आपल्याच काचेच्या पेटीपाशी येऊन थांबायचा. दोष देण्यात तो धोका नाही. तिथे उत्तर आधी ठरते, मार्ग मागाहून.

संगणक सुरू झाला तेव्हा मालक खूश झाले. दुरुस्तीवाल्याला त्यांनी चहा दिला, घासाघीस न करता पैसे दिले. मुलाचा रोखलेला बोनस त्याच संध्याकाळी त्याच्या हातात पडला. मालकांनी त्याला आतल्या खोलीत बोलावून पाकीट दिले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘झाले गेले विसरून जा.’ मुलगा हो म्हणाला. एकोणीस वर्षांचा नोकरदार मुलगा दुसरे काय म्हणणार?

पण मला विचाराल तर दुरुस्ती अर्धीच झाली. ‘यंत्र जाळणारा’ हा शब्द दहा माणसांसमक्ष उच्चारला गेला होता. ‘झाले गेले’ हा शब्द बंद दाराआड उच्चारला गेला. बाहेरच्या दहा जणांच्या हिशेबी तो अजून यंत्र जाळणाराच आहे, फक्त मालकांनी दयाळूपणे माफ केलेला. जे केलेच नाही त्याची माफी मिळणे, यासारखा अपमान दुसरा नाही. दुरुस्तीवाल्याचा नियम इथेही लावून पाहावा. बिघाड जिथे असेल तिथेच हात घातला पाहिजे. नळीचा दोष पंखा बदलून जात नाही. चारचौघांत झालेली इजा कानात कुजबुजून भरून निघत नाही. आरोप चव्हाट्यावर झाला असेल तर तो मागेही चव्हाट्यावरच घेतला पाहिजे, आणि ‘ते तू नव्हेस’ हे तीन शब्द दुरुस्तीवाल्याने ‘लव नव्हे’ म्हटले तितक्याच मोठ्याने आणि तितक्याच निर्मळपणे म्हटले पाहिजेत. त्यात कमीपणा कसला? दुरुस्तीवाल्याने दोनदा ‘नव्हे’ म्हटले, म्हणून आमच्या नजरेत तो उतरला नाही. तिसऱ्या वेळी त्याच्या ‘होय’वर आमचा विश्वास बसला तो त्या दोन नकारांमुळेच.

मी हे मालकांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘सर, तुम्ही लेखक माणसे फार बारीक विचार करता.’ असेल. पण सुताच्या गावात राहून बारीक धाग्याला क्षुल्लक कसे म्हणावे? ताण्यातला एक धागा तुटलेला राहिला तर कापड विणले जाते खरे. पण त्याची रेघ ठाणाच्या शेवटापर्यंत दिसत राहते.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या गावचे व्यापारी नव्या वह्या पूजतात. जुन्या वहीची पाने मिटतात, पण जुने येणे-देणे मिटत नाही. मागील बाकी म्हणून ते नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढून घ्यावेच लागते. ज्याने ते ओढले नाही त्याला बाजार लबाड म्हणतो. पैशाच्या बाबतीत इतका चोख असलेला हा रिवाज शब्दांच्या बाबतीत आपण का पाळू नये? सरलेल्या वर्षात आपण घरात, कचेरीत, शाळेत कुणाकुणाला न शोधता दोष दिला असेल, त्याची एक यादी पाडव्याच्या सकाळी करता येईल. ती फार लांब निघाली तर घाबरायचे कारण नाही. एका वेळी एक नाव घ्यावे, त्या माणसाकडे जावे, आणि ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच ती बाकी चुकती करावी. फराळाचे ताट त्यानंतरही तिथेच असेल. आणि अनारसा हसलेला असला, तरी त्या दिवशी तो गोडच लागेल.